खेकड्याचा दिवा

भिवंडीचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाची लेखणी आपसूक बंदराकडे नाहीतर मागाकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे; कारण ज्या गावाने शिवकालात आरमाराची, पेशवाईत साष्टी-वसईच्या मोहिमेची आणि विसाव्या शतकात कापडाची चाकरी केली, त्या गावाच्या दप्तरात खेकड्याला जागा मिळण्याचे वरकरणी काहीच कारण दिसत नाही. तथापि माणसाने रात्रीच्या अंधारात दिवा कशासाठी पेटविला, तो कोणाच्या सोयीने लावला आणि कोणाच्या सोयीने मालवला, हाही एक इतिहासच आहे. आणि या इतिहासाची एक चमत्कारिक शाखा अशी की, ज्या दिव्याच्या उजेडात खाडीकाठच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या खेकडा पकडला, तोच दिवा आता मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातील हौशी घरांमधून काचेच्या पेटीवर, पाळलेल्या शंखवासी खेकड्यासाठी लावला जात आहे. त्या पेटीवर कोणता दिवा असावा, हा प्रश्न क्षुल्लक खरा. पण त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे भिवंडीच्या खाडीपासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत आणि करंजेलाच्या पणतीपासून विद्युत्‌-चकतीपर्यंतचा प्रवास करावा लागतो.

कामवारी नदीच्या काठी वसलेले हे गाव उल्हासच्या खाडीमुळे समुद्राशी बांधले गेले होते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही ठाणी आदिलशाही अंमलातून घेतली, आणि मराठी आरमाराची पहिली जहाजे याच खाडीच्या आश्रयाने बांधली गेली. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेत भिवंडीनजीकच्या अंजूर गावच्या गंगाजी नाईकांचा वाटा मोठा होता. आणि विजयानंतर वज्रेश्वरीचे देऊळ किल्ल्यासारख्या तटबंदीसह उभे राहिले. त्या काळची रात्र कशी असेल, याची कल्पना आज विजेच्या प्रकाशात वाढलेल्या माणसाला सहजी करता येत नाही. देवळापुढच्या दीपमाळेवर सणावारी पणत्या उजळत. सरदाराच्या पालखीपुढे मशालजी हिलाल घेऊन धावत. आणि रयतेच्या घरात करंजेलाचा किंवा उंडेलाचा दिवा जेवणे उरकेपर्यंत तेवत असे. तेल घरच्या गाळपाचे असले तरी फुकटचे नव्हते, आणि म्हणून दिवा मालवणे हे दिवा लावण्याइतकेच रोजचे, शिस्तीचे काम होते.

या काटकसरीच्या काळोखात खाडीकाठच्या कोळ्यांनी आणि आगऱ्यांनी दिव्याचा एक वेगळा उपयोग हेरला होता. खाडीच्या चिखलातली चिंबोरी रात्री बिळाबाहेर पडते आणि अकस्मात डोळ्यांवर उजेड आला की क्षणभर जागच्या जागी थिजते. त्या एका क्षणात मागून हात घालून, दोन्ही नांग्या दाबून धरून तिला टोपलीत टाकावयाचे, हे कसब बाप मुलाला शिकवीत असे; आणि जो चुकला त्याला शिक्षण देण्याचे काम चिंबोरीची नांगी करीत असे. वाळलेल्या झावळ्यांची किंवा पेंढ्याची चूड, मग घासलेटाचा टेंभा, मग कंदील, पुढे पेट्रोमॅक्सची सुसाटणारी बत्ती आणि अखेरीस विजेरी, अशी साधने बदलत गेली; पकडण्याची रीत बदलली नाही. पहिल्या पावसात ओढ्यांना पूर आला की वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि शेताच्या बांधांतले मुठे बाहेर पडतात. त्या रात्री ठाणे जिल्ह्याच्या गावोगावी भातखाचरांतून जे उजेडाचे ठिपके हिंडताना दिसतात, ते याच जुन्या विद्येचे वारस होत.

मासेमारी करणाऱ्यांनी खेकडा आणि प्रकाश यांचा संबंध याहूनही सूक्ष्मपणे जाणला होता. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, ही समजूत सबंध कोकणपट्टीत आहे, आणि चाणाक्ष गिऱ्हाईक आजही तिथी पाहून बाजारात जाते. या समजुतीचा शास्त्रार्थ काहीही लागो. खेकड्याच्या देहाचा आणि आकाशातल्या उजेडाचा काहीतरी करार आहे, एवढे या माणसांनी प्रयोगशाळेवाचून ओळखले होते, हे त्यातून निश्चित दिसते.

याच चिखलात, तिवरांच्या मुळांशी, भरती ओसरल्यावर निमुळते शंख चालताना दिसतात. वाकून पाहिले तर शंखाच्या तोंडाशी बारीक केसाळ पाय आणि दांड्यांवर बसविलेले दोन डोळे आढळतात. सावली पडताच सारा प्राणी आत ओढला जातो आणि चिखलावर केवळ एक निर्जीव शंख उरतो. हाच शंखवासी अथवा संन्यासी खेकडा. याचे पुढचे अंग कठीण कवचाचे, पण मागचे पोट मऊ, वळलेले आणि पूर्णतः असुरक्षित. त्यामुळे मेलेल्या गोगलगाईचा शंख शोधून त्यात बिऱ्हाड करावयाचे आणि अंग वाढले की मोठा शंख पाहावयाचा, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. खाण्याच्या उपयोगाचा नसल्यामुळे त्याला बाजारात भाव नव्हता, आणि भाव नसल्यामुळे त्याच्यावर कोणी दिवा धरला नाही. उपयोगशून्यता ही त्याची सनद होती. ती पुढे दुसऱ्याच मुलुखात रद्द झाली.

ज्या काचेच्या पेटीत तो पुढे जाऊन पडला, तिच्या जन्माची कथा मौजेची आहे. सिसिली बेटावरील मेसिना या बंदरी झान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच स्त्रीने १८३२ च्या सुमारास समुद्री जीव जिवंत ठेवून निरखण्यासाठी काचेच्या टाक्या करविल्या. तिला सोडवावयाचा प्रश्न असा होता की, अर्गोनॉट नावाचा अष्टपाद प्राणी ज्या नाजूक शिंपल्यात राहतो तो त्याचा स्वतःचा, की शंखवासी खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचा बळकावलेला? टाकीतील निरीक्षणांनी तिने सिद्ध केले की, अर्गोनॉटचे घर त्याच्या स्वकष्टाचे आहे. म्हणजे काचपेटीच्या पहिल्याच खटल्यात शंखवासी खेकडा अप्रत्यक्षपणे हजर होता, आणि परक्या घरात राहण्याचा आरोप एकट्या त्याच्यावरच कायम झाला.

त्याच सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड या वैद्याने बंद काचपेटीत वनस्पती जगविल्या. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली पाणवनस्पती आणि मासे परस्परांना कसे तारतात, हे दाखविले. आणि मुंबई-ठाणे लोहमार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी आपली पहिली आगगाडी धावली त्याच्या पुढच्याच महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह लोकांसाठी खुले झाले. फिलिप हेन्री गॉसच्या १८५४ च्या ग्रंथाने तर घरोघरी समुद्र आणण्याचे वेडच इंग्लंडात पसरविले. खुद्द गॉसने शंखवासी खेकडा आणि त्याच्या शंखावर बसून प्रवास करणारे समुद्रपुष्प यांचे सहजीवन मोठ्या रसिकतेने न्याहाळले होते.

या वेडाची पहिली ठोकर प्रकाशाच्याच दगडाला लागली. मत्स्यगृह बांधणाऱ्यांनी ते काचेचे केले, कारण प्राणी नीट दिसावेत. परिणाम असा झाला की, चारी बाजूंनी ऊन आत येऊन पाणी तापू लागले, शेवाळाने काचा हिरव्या झाल्या आणि जे दाखवावयाचे ते मरू लागले. विल्यम अल्फर्ड लॉइड या चिकाटीच्या माणसाने यातून मार्ग काढला. प्रथम हँबुर्ग येथे १८६४ साली, आणि मग १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने जी मत्स्यालये चालविली, त्यांत उजेड केवळ वरून पाण्यावर पडे, प्रेक्षकांचे दालन अंधारे असे, आणि जमिनीखालच्या काळोख्या हौदात पाण्याचा मोठा साठा सतत फिरत ठेवलेला असे. समुद्रात उजेड वरूनच येतो आणि खोलीबरोबर मावळतो, ही साधी गोष्ट मान्य करावयास शहाण्यासुरत्या माणसांना दहाहून अधिक वर्षे लागली. पाण्याखालच्या जिवाला दिवा कसा द्यावा, याचे पहिले सूत्र लॉइडच्या या तजविजीत सापडते: पाहणाऱ्याने अंधारात उभे राहावे, आणि जिवाला त्याच्या आकाशाच्या दिशेनेच उजेड मिळावा.

मुंबईत हा विचार पुष्कळ उशिरा पोहोचला. दिवे मात्र लवकर आले. १८६५ साली शहरातील काही रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. १८६९ साली पूर्ण झालेला क्रॉफर्ड मार्केटचा बाजार १८८२ मध्ये विजेने उजळला, आणि विजेचा दिवा लागलेली देशातली पहिली इमारत म्हणून त्याची ख्याती झाली. आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव धारण करणारी ही मंडई पुढे फळाफुलांइतकीच पशुपक्ष्यांच्या आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध झाली, हा योगायोग येथे नोंदण्यासारखा आहे. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. आठ लाखांच्या खर्चापैकी दोन लाखांची देणगी ज्या पारशी गृहस्थांनी दिली, त्यांचेच नाव त्या वास्तूला मिळाले. आणि ठाणे जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली राणीच्या बागेबरोबर या मत्स्यालयाकडेही वळू लागल्या. काचेपलीकडचा उजळ समुद्र पाहून परतलेल्या कित्येक मुलांनी घरी बरणीत मासा ठेवण्याचा हट्ट धरला असेल, आणि ती बरणी खिडकीत, भर उन्हात ठेवून लंडनकरांची चूक अजाणता पुन्हा केली असेल.

भिवंडीच्या रात्रीचा कायापालट मात्र मत्स्यालयाने नव्हे, मागाने केला. आगगाडी कल्याणवरून पुढे गेली, भिवंडी बाजूला राहिली, आणि तांदूळ, मीठ, गवत व सुकी मासळी यांच्या गलबतांनी गजबजणारे बंदर हळूहळू ओसरले. उत्तर हिंदुस्थानातून येऊन स्थायिक झालेल्या मोमीन विणकरांचे हातमाग गावात होतेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीज आली आणि त्यांच्या जागी यंत्रमाग खडखडू लागले. १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईचे मोठे कारखाने थंडावले तेव्हा कापडाचा ओघ अधिकच भिवंडीकडे वळला. गल्लीगल्लीतून माग, मागावर माणूस, आणि माणसाच्या डोक्यावर धागा दिसावा म्हणून रात्रभर जळणारी नळीची दिवाबत्ती, असा या गावाचा संसार झाला. बारा तासांची दिवसपाळी आणि बारा तासांची रातपाळी. या हिशेबात सूर्याला काही मत नव्हते. जेथे तेल वाचवावे म्हणून पणती लवकर मालवत असत, तेथे आता दिवा मालवणे हे नुकसानीचे लक्षण ठरले.

अर्थात वीजही कायम मिळत होती असे नाही. वितरणातील व वसुलीतील तूट एवढी वाढली की, २६ जानेवारी २००७ पासून येथील वितरणाचे काम इजाऱ्यासारख्या पद्धतीने एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. देशातला तो अशा प्रकारचा पहिलाच प्रयोग. त्याआधीच्या भारनियमनाच्या दिवसांत तासन्‌तास माग मुके होत, पंखे थांबत, आणि कारागीर रस्त्यावर येऊन बसत. त्यांच्या अंगावर जो काळोख येई तो विश्रांतीचा काळोख नव्हता, मजुरी बुडाल्याचा होता. उजेड आणि अंधार दोन्ही मर्जीबाहेरचे झाले म्हणजे देहाची घडी कशी विसकटते, हे रातपाळीच्या माणसाला कोणी समजावून सांगावयास नको.

इकडे हे चालले असताना, दूर कॅरिबियन समुद्रातील बेटांवर शंखवासी खेकड्याची उपयोगशून्यतेची सनद फाडली जात होती. तेथील जातीचा खेकडा जमिनीवर राहतो. कल्ल्यांनीच श्वास घेतो, पण ते ओलसर राहतील एवढी दमट हवा त्याला पुरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या किनाऱ्यावरील पर्यटकी दुकानांतून हे जीव, पुष्कळदा रंगविलेल्या शंखांत कोंबून, मुलांच्या खेळण्यासारखे विकले जाऊ लागले. जपानने मात्र १९७० साली आपल्या जमिनीवरील शंखवासी खेकड्यांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देऊन त्यांना कायद्याचे संरक्षण दिले. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या वाळूत या कुळातले खेकडे आहेत. त्यांचाच महाकाय भाऊबंद, नारळी खेकडा, आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

खेकड्याच्या पाठोपाठ पेटी आली आणि पेटीच्या पाठोपाठ दिवा. आरंभी तारेचा तापणारा गोळा होता. त्याच्या विजेपैकी फारच थोडा अंश प्रकाशात उतरे आणि बाकीची उष्णता होई. थंड मुलखात ही उष्णता हवीच होती, म्हणून तोच गोळा दिवा आणि शेगडी अशी दोन्ही कामे करी. मग रात्री प्राणी दिसावा म्हणून तांबडे आणि निळे गोळे विकले जाऊ लागले. १९३८ नंतर बाजारात आलेल्या नळीच्या दिव्याने उष्णता कमी केली. आणि १९९० च्या दशकात जपानमध्ये निळ्या प्रकाशाचा डायोड सिद्ध झाल्यावर पांढऱ्या एलईडीचा मार्ग मोकळा झाला, ज्यासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे २०१५ च्या सरकारी योजनेतून नऊ वॅटचे एलईडी गोळे स्वस्तात घरोघरी गेले. आणि अशा मालाची वाट भिवंडीतूनच गेली: मुंबईची जकात चुकविण्यासाठी हद्दीबाहेर माल उतरविण्याची जी सोय व्यापाऱ्यांनी काढली, तिच्यातून काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोलीकडची भाताची शेते गोदामांखाली गेली. २०१७ साली जकात संपली तरी गोदामे वाढतच राहिली, आणि आज मुंबईच्या घरी मागविलेला दिवा असो, पेटी असो, बहुधा भिवंडीच्या छपराखाली एखादी रात्र काढूनच पुढे जातो.

दोष असा की, दिवा आला तो परक्या हवेचे नियम बरोबर घेऊन आला. खोक्यावर लिहिलेली सूचना बर्फाच्या देशातल्या बैठकीच्या खोलीसाठी असते. भिवंडीच्या पत्र्याच्या घरात वैशाखाचे ऊन स्वतःच शेगडीचे काम पुरेपूर करते. या खेकड्याला सुमारे २४ ते २९ अंश सेल्सिअसची ऊब आणि ७० ते ८० टक्के दमटपणा लागतो. जून ते सप्टेंबर आपले आकाश हे दोन्ही विनामूल्य पुरविते. अशा हवेत तापणारा गोळा लावला तर तो पेटीतला ओलावा शोषून घेतो; कल्ले सुकतात, आणि प्राणी बाहेरून धडधाकट दिसत असताना आतल्या आत गुदमरत जातो. थंडीच्या चार-सहा आठवड्यांत रात्री फारच उतरल्या तर पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर, उबेची पट्टी लावावी. दिव्यावर ते काम सोपवू नये.

शास्त्राचा निर्वाळाही याच बाजूचा आहे. खेकड्याच्या डोळ्यांच्या दांड्यांत केवळ दृष्टी नसते. कात टाकण्याचे काम रोखून धरणारा रस स्रवणारी ग्रंथीही तेथेच असते. म्हणून डोळ्यावर काय पडते याचा संबंध अंग कधी वाढते याच्याशी पोहोचतो. डोरोथी ब्लिस या अमेरिकन विदुषीने जमिनीवरच्या एका खेकड्याचा अभ्यास करून १९६४ साली जे मांडले त्याचा सारांश हा की, कात टाकण्यास त्याला अंधार, एकांत, ओलावा आणि माफक ऊब लागते. शंखवासी खेकडाही कात टाकण्यासाठी वाळूत स्वतःला पुरून घेतो, आठवडेच्या आठवडे वर येत नाही, आणि जुने कवच खाऊन नवे कठीण करतो. त्या काळात हौसेने वाळू उकरणारा हात त्याचा काळ ठरतो. २०१० साली कॅरिबियन बेटावर झालेल्या एका प्रयोगात नौकेच्या यंत्राचा आवाज ऐकविला असता हे खेकडे जवळ येणाऱ्या संकटाला उशिराने दाद देतात, आणि आवाजाच्या जोडीला लुकलुकणारा प्रखर उजेड दिला तर आणखी उशीर लावतात, असे आढळले. अखंड खडखडाट आणि अखंड दिवे ही ज्या गावाची ओळख, त्या गावात पेटी ठेवणाऱ्याने हा निष्कर्ष भिंतीवर लिहून ठेवावा. मागाच्या भिंतीला टेकवून पेटी ठेवू नये, हे तर त्याहून आधीचे कलम. कारण जमिनीची थरथर या जिवाच्या पायांना कळते.

तेव्हा भिवंडीच्या घरात योग्य दिवा कोणता, याचा जबाब आता देता येतो. पाच-सहा वॅटची, दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या प्रकाशाची एलईडी पट्टी, पेटीच्या काचेच्या झाकणावर, बाहेरून. लॉइडच्या सूत्राप्रमाणे वरून खाली. खिडकीतले थेट ऊन पेटीवर पडता कामा नये, कारण बंद काचेत ते मत्स्यगृहाचा जुना अनर्थ तासाभरात घडविते. पेटीचा निम्मा भाग नारळाच्या करवंटीने, सालींनी, फांदीने सावलीत ठेवावा, म्हणजे उजेडात राहावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार खेकड्याकडे राहील. बारा तास उजेड, बारा तास निखळ काळोख, आणि ही पाळी आपल्या आठवणीवर न सोपविता, चूक न करणाऱ्या घड्याळी बटणावर सोपवावी. निळे रातदिवे वर्ज्य. या जिवांना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक जाणवतो, आणि त्यामुळे आपल्याला जी रात्र शोभिवंत दिसते ती त्यांना रात्र वाटतच नाही. अतिनील किरणांच्या दिव्याबद्दल हौशी मंडळींत दोन पक्ष आहेत. पण त्याची गरज अद्याप सिद्ध झालेली नाही, तेव्हा त्यावर खर्च करण्याआधी खोल ओली वाळू आणि गोड्या व खाऱ्या पाण्याची दोन भांडी यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

अशी पेटी तिन्हीसांजेनंतर जवळून पाहावी. पट्टी विझते, पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीच घडत नाही. मग करवंटीखालची वाळू किंचित हलते, आधी लांब मिशा बाहेर येतात, त्या हवा चाचपतात, आणि त्यामागून जांभळट मोठी नांगी दारासारखी उघडते. शंखाचा काचेवर घासल्याचा बारीक आवाज होतो. दुसरा खेकडा येतो, पहिल्याच्या शंखाला शंख आपटून पाहतो, भाडेकरूने रिकाम्या खोलीची विचारपूस करावी तसा. आणि मन भरले नाही की आपल्या वाटेने निघून जातो. हे सारे पाहण्यासाठी पाहणाऱ्याला डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. हातातल्या फोनचा झोत टाकताच खेळ संपतो, आणि चूड घेऊन खाडीत उतरणाऱ्याचेच काम आपण करीत आहोत, हे ध्यानी येते. फरक इतकाच की, त्याला निदान कालवण मिळत असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे कर्तव्य आहे. हा जीव अंडी समुद्रात सोडतो, पिल्ले प्रथम समुद्रातच वाढतात, त्यामुळे घरात त्याची पैदास जवळजवळ होत नाही. दुकानातला बहुतेक प्रत्येक खेकडा कोणत्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. निसर्गात तीस-तीस वर्षे जगू शकणारा प्राणी चुकीच्या दिव्याखाली आणि कोरड्या वाळूवर काही महिन्यांत संपतो. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून त्याला किंवा त्याचा शंख उचलणे गुन्हा आहे, आणि २००१ पासून कित्येक मोठ्या समुद्री शंखांनाही वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून त्याच्या पुढच्या घरासाठी शंख घेतानाही तो कोठला, हे विचारून घ्यावे. भिवंडीच्या खाडीतला चिखलाचा शंखवासी खेकडा तर पेटीसाठी नव्हेच. त्याला भरती-ओहोटी लागते, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

या सगळ्या इतिहासातून निष्पन्न एवढेच होते की, खेकड्यावर दिवा धरणाऱ्याने नेहमी स्वतःची सोय पाहिली: कोळ्याला पकडावयाचे होते, लंडनकराला दाखवावयाचे होते, दुकानदाराला विकावयाचे होते. जिवाची सोय पाहणारा दिवा निवडणे ही अगदी अलीकडची, आणि अजून अंगवळणी न पडलेली सवय आहे. तिचा निकष वॅटमध्ये किंवा रंगामध्ये तितकासा नाही. दुकानात दिवा घेताना तो किती उजळतो हे सारेच विचारतात. तो किती कमी तापतो आणि ठरल्या वेळी न चुकता कसा विझतो, हे ज्याने विचारले, त्याने खेकडा पाळण्याच्या कामाला योग्य ठिकाणाहून आरंभ केला असे समजावे. आणि मागावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या घरी हा प्रश्न निघाला, तर त्याला त्याचा अर्थ फार फोड करून सांगावा लागणार नाही.